पारंपरिक कुंग फू आणि आजचे रिंगण

शाओलिनचे भिक्खू आणि त्यांचे कुंग फू हा आपल्या विद्यार्थ्यांच्या विशेष आवडीचा विषय आहे. चित्रपटांनी ही आवड वाढवली, आणि या विद्येचे नाव बौद्ध विहाराशी जोडलेले असल्यामुळे तिच्याविषयी आपुलकीही निर्माण झाली. म्हणूनच मुले वारंवार विचारतात तो प्रश्न टाळणे आम्हांस उचित वाटत नाही. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या रिंगणात ठोसा, लाथ, फेक, जमिनीवरील पकड आणि गळा आवळणे या सर्वांना मुभा असते. तेथे पारंपरिक कुंग फूचा निभाव लागतो काय? ते सामान्यतः ज्या पद्धतीने शिकवले जाते, त्या पद्धतीने लागत नाही. मात्र त्याचे कारण कुंग फूच्या डावांत शोधणे चुकीचे ठरेल.

आधी इतिहासाविषयी थोडे. ही विद्या भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्खूंना शिकवली, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. या सांगण्याला आधार नाही. बोधिधर्माचे नाव ज्या व्यायामग्रंथाला चिकटवले गेले, तो सतराव्या शतकातला आहे. म्हणजे बोधिधर्मानंतर हजाराहून अधिक वर्षांनी रचलेला. तांग हाओ या चिनी इतिहाससंशोधकाने १९३० च्या सुमारासच ही दंतकथा खोडून काढली होती. खरा पुरावा निराळा आहे. इ. स. ६२१ मध्ये शाओलिनच्या भिक्खूंनी पुढे सम्राट झालेल्या ली शिमिनला युद्धात साहाय्य केले आणि ७२८ च्या शिलालेखात त्यांपैकी तेरा जणांची नोंद झाली. १५५३ मध्ये भिक्खूंनी किनाऱ्यावरील चाच्यांशी लढा दिला. त्यांची ख्याती मुख्यतः काठीसाठी होती, आणि ती प्रत्यक्ष संघर्षात मिळवलेली होती.

आता अलीकडची घटना पाहू. एप्रिल २०१७ मध्ये चेंगदू शहरात शू शियाओडोंग हा मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा प्रशिक्षक आणि वेइ लेइ हे ताई चीचे गुरू समोरासमोर आले. तळहातावर ठेवलेल्या कबुतराला उडू न देण्याचे वेइ लेइ यांचे सामर्थ्य त्यापूर्वी सरकारी दूरचित्रवाणीने देशभर दाखवले होते. लढत अर्ध्या मिनिटाच्या आत संपली. गुरू जमिनीवर पडले होते आणि शू त्यांच्यावर ठोसे बरसवत होता. शू हा काही जगज्जेता नव्हता, पाश्चात्त्य रिंगणातील अव्वल खेळाडूंच्या जवळपासही नव्हता. तरीही दोष त्याच्याच माथी आला. वुशू संघटनेने त्याचा निषेध केला, समाजमाध्यमावरील त्याचे खाते बंद झाले, आणि २०१९ मध्ये दुसऱ्या एका ताई ची गुरूंचा अवमान केल्याबद्दल न्यायालयाने त्याला माफी मागण्याचा व भरपाई देण्याचा आदेश दिला. शूची भाषा शिवराळ होती, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे मिळत नाही.

ते उत्तर सरावाच्या पद्धतीत आहे. पारंपरिक वर्गात बराचसा वेळ ‘ताओलू’ म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका घोटण्यात जातो. जोडीने सराव झाला तरी जोडीदार सांगितलेलाच ठोसा सांगितलेल्याच दिशेने मारतो आणि डाव लागताच निमूटपणे पडतो. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी निमूट नसतो; तो हात मागे खेचतो, अंगावर येतो, कमरेला विळखा घालतो. आपल्या तालमीतला पोरगा रोज हौद्यात उतरून न वाकणाऱ्या माणसाशी झोंबतो, म्हणून त्याचा ढाक खरा असतो. केवळ ढाकाची कवायत करून कोणी पैलवान झाल्याचे ऐकिवात नाही. स्वसंरक्षणाच्या नावाखाली मुलींना चार दिवसांत डाव शिकवणारी शिबिरे याच कारणाने आम्हांस धोक्याची वाटतात. त्यांतून बळ येत नाही, बळ आल्याचा भास मात्र होतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की कुंग फूचे डाव फार घातक आहेत, नियमांच्या चौकटीत ते वापरताच येत नाहीत. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा चावणे आणि डोळ्यांत बोटे खुपसणे यांपलीकडे फारशी बंदी नव्हती.  तरीही जिंकला तो हॉयस ग्रेसी, प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर नेऊन जेरीस आणणारा. त्याच्या घराण्याची विद्या जपानी ज्यूदोतून ब्राझीलमध्ये गेलेली. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान स्थापन केले, तेव्हा इजा करणारे डाव मुक्त सरावातून वगळले आणि उरलेले डाव पूर्ण ताकदीने एकमेकांवर करू दिले. घातक डाव बाजूला ठेवल्याने विद्या दुबळी झाली नाही. उलट रोज खरा विरोध अनुभवता आल्याने ती धारदार झाली.

चीनमध्ये हे कोणाला कळले नव्हते असे मुळीच नाही. १९२८ मध्ये नानजिंग येथील राष्ट्रीय परीक्षेत विविध घराण्यांच्या लोकांना मंचावर प्रत्यक्ष लढवले गेले. १९४९ नंतर मात्र शासनाने वुशूला प्रदर्शनाच्या क्रीडेचे रूप दिले. सुबक उड्यांना परीक्षक गुण देऊ लागले आणि लढत मागे पडली. ती परत आली १९७९ नंतर, ‘सांदा’ या नावाने : ठोसे, लाथा आणि लाथ पकडून केलेली फेक, तीही विरोध करणाऱ्या माणसावर. सांदातून आलेल्या कुंग ले याने २००८ मध्ये फ्रँक शॅमरॉकचा हात लाथांनी मोडून स्ट्राइकफोर्सचे विजेतेपद घेतले.

झांग वेइली हिने लहानपणी कुंग फू आणि पुढे सांदा आत्मसात केले. ऑगस्ट २०१९ मध्ये शेनझेन येथे अवघ्या ४२ सेकंदांत ती यूएफसीची पहिली चिनी विजेती झाली. सांदात जमिनीवरची झुंज नसते. ती उणीव तिने कुस्ती व जुजुत्सू शिकून भरून काढली. गमावलेले विजेतेपद नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने परत मिळवले ते लाथेने नव्हे, तर प्रतिस्पर्धी कार्ला एस्पार्झाचा पाठीमागून गळा आवळून.