फोर बाय फोर: ताकद चाकापर्यंत कशी पोचते

गेवराई-माजलगावच्या गोदाकाठच्या पट्ट्यात दोन दमदार पाऊस झाले की काळी रेगड चाक धरते. ओली झाली की ही माती फुगते, चिकटते आणि टायरच्या नक्षीतल्या खाचा लिंपून टाकते. मग चांगलं खोल नक्षीचं टायरही जागच्या जागी फिरत राहतं आणि ट्रॅक्टर पोटापर्यंत रुततो. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो, तेव्हा तोच ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून डांबरी सडकेवर येतो. कुणी तेलगावच्या कारखान्याला जातो, कुणी गढीच्या. कुणी टोळी घेऊन पार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतो, ते उन्हाळा लागल्यावरच परततो.

चार महिने चिखलमाती आणि पाच महिने डांबर, असं आयुष्य बीड जिल्ह्यातले किती तरी ट्रॅक्टर काढतात. दोन्ही कामांना उपयोगी म्हणून हल्ली फोर बाय फोर घेतला जातो. घेताना चौकशी होते ती एचपीची, किमतीची आणि हप्त्याची. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या जिल्ह्यात याच्याही आधी चौकशी व्हायला हवी ती पोटाखालच्या सामानाची. इंजिन ताकद तयार करतं. ती चाकाला किती मिळेल आणि वाटेत काय तुटेल, हे पोटाखालचं सामान ठरवतं.

ही वाट अशी आहे. ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून क्राऊन-पिनियनवर काटकोनात वळते, डिफरन्शियलमध्ये डाव्या-उजव्या चाकांत वाटली जाते आणि एक्सलच्या अलीकडे शेवटच्या रिडक्शनमध्ये वेग आणखी कमी होऊन ओढ वाढते. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सला एक जादा फाटा असतो. त्यातून निघालेला शाफ्ट पोटाखालून पुढे जातो आणि पुढच्या एक्सलमधलं दुसरं, लहान क्राऊन-पिनियन फिरवतो. तिथे दुसरं डिफरन्शियल असतं. लिव्हर ओढला की हा फाटा जोडला जातो. एकदा जोडला की पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल ठरावीक प्रमाणात एकमेकांना बांधले जातात, आणि दोघांच्या मधे तडजोड करायला काहीच उरत नाही.

तडजोडीची सोय करता येत नाही असं नाही. ज्या हॅरी फर्ग्युसनच्या थ्री पॉइंट लिंकेजवर आज आपल्याकडचा प्रत्येक नांगर आणि रोटाव्हेटर चढवला जातो, त्याच्याच कंपनीने पुढे फर्ग्युसन पी-९९ ही चारही चाकांनी ओढणारी फॉर्म्युला वन मोटार बनवली. तिच्यात पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे तिसरं डिफरन्शियल होतं. १९६१ साली इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कच्या ओल्या रस्त्यावर स्टर्लिंग मॉसने तिच्यावर गोल्ड कप जिंकला. फर्ग्युसन त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरमध्ये मात्र हे मधलं डिफरन्शियल नसतं, कारण शेतात त्याचं काम माती करते. पुढचं चाक जरासं जास्त फिरलं तर ते मातीत किंचित घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो फरक शाफ्टच्या पिळात साठतो, आणि पीळ सहन करायची पाळी दातांवर, क्रॉसवर आणि बेअरिंगवर येते.

हा फरक मुळात असतोच का, हे समजून घेतल्याशिवाय फोर बाय फोर समजत नाही. पुढची चाकं लहान, मागची मोठी. एका ठरावीक मॉडेलला पुढे ८-१८ असेल तर मागे १४.९-२८ असतं, थोड्या मोठ्याला पुढे ९.५-२४ आणि मागे १६.९-२८. एक्सलचे गिअर या जोडीला धरूनच कापलेले असतात, आणि तेही अगदी बरोबरीने नाही. पुढच्या चाकाला मुद्दाम साधारण १ ते ५ टक्के जास्त वेग दिलेला असतो. याला लीड म्हणतात. पुढचं चाक सतत ओढत राहिलं पाहिजे. ते कमी पडलं तर मागची चाकं त्याला रेटतात आणि ओढणाऱ्या चाकाचा ब्रेक होतो.

आकडे मांडून पाहा. समजा, मागच्या टायरचा घेर ४०० सेंटीमीटर आहे, पुढच्याचा २५०, आणि मागचं चाक एकदा फिरलं की गिअर पुढच्याला १.६५ वेळा फिरवतात. २५० गुणिले १.६५ म्हणजे ४१२.५. लीड ३ टक्क्यांच्या किंचित वर, म्हणजे उत्तम. आता दोन हंगाम ऊस वाहून मागची नक्षी दीड-पावणेदोन सेंटीमीटर झिजली. घेर ३९० वर आला आणि लीड पावणेसहा टक्क्यांच्या घरात गेलं. उलट पुढचं टायर झिजून त्याचा घेर २४० झाला, तर पुढचं चाक ३९६ सेंटीमीटरच कापतं आणि मागच्याच्या ४ सेंटीमीटर मागे राहतं. लिव्हर ओढलेला आहे, डिझेल जळतंय, आणि पुढचा एक्सल ट्रॅक्टरला मागे खेचतोय. ‘दिसायला मोठं’ म्हणून पुढे वेगळ्या मापाचं टायर चढवणाऱ्यांनी हे गणित एकदा वहीवर करून बघावं. गिअर बदललेले नसतात, फक्त टायर बदललेलं असतं.

रिमोटवर चालणाऱ्या फोर-व्हील मोटारींचा छंद जगभर आहे आणि त्या छंदात गिअर कोणते, डिफरन्शियल उघडं की लॉक होणारं, हे सगळे निर्णय उघड्यावर होतात, कारण तिथे प्रत्येक भाग सुटा मिळतो. जपानच्या तामिया कंपनीची टीटी-०२ ही चासी २०१३ साली आली. तिच्यात मोटरवरच्या गिअरला २२ दात, मोठ्या गिअरला ७०, आणि आतलं प्रमाण २.६; म्हणजे मोटर ८.२७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. २२ च्या जागी २५ दातांचा गिअर घातला की प्रमाण ७.२८ होतं, गाडी पळते आणि मोटर तापते. पुढे-मागे दोन्हीकडे उघडं डिफरन्शियल, कारण ती सपाट रस्त्यावर वळायची गाडी. अमेरिकेतल्या ट्रॅक्ससची २०१७ मधली टीआरएक्स-४ खडकांवर चढायची. तिची दोन्ही डिफरन्शियल रिमोटवरून लॉक होतात, आणि चाकाजवळच्या गिअरपेटीमुळे एक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो. नाव दोघींचंही फोर-व्हील ड्राइव्ह, पण निवड एकमेकींच्या उलट. बीडच्या शेतकऱ्यापुढची अडचण अशी की त्याला चिखलातली आणि रस्त्यावरची अशी दोन्ही कामं एकाच यंत्राकडून घ्यायची आहेत.

म्हणून काय पाहून घ्यावं, याबद्दल माझी मतं पक्की आहेत. ऊस ओढायचा असेल तर शेवटचं रिडक्शन प्लॅनेटरी असावं. साध्या बुल गिअरमध्ये एक लहान गिअर एका मोठ्याला फिरवतो आणि सगळा भार दातांच्या एकाच भेटीवर येतो. प्लॅनेटरीत मधल्या गिअरभोवती सहसा तीन गिअर फिरतात आणि भार तिघांत वाटला जातो. ब्रेक तेलात बुडालेलेच हवेत. पुढचा एक्सल कुणाचा आहे हे विचारावं, कारण बऱ्याचदा तो ट्रॅक्टर कंपनीने स्वतः बनवलेला नसतो. इटलीच्या कारारो कंपनीचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे आणि तिथे ट्रॅक्टरचे एक्सल बनतात. एक्सल कुणाचा हे कळलं की त्याचे क्रॉस, सील, बेअरिंग जवळ कुठे मिळतील हेही विचारता येतं. हंगामात ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर टोळी बसून राहते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर तशीच राहते. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. त्या अहवालात ओढ आणि चाकाची घसरण दोन्ही मोजलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागायला संकोच कसला?

वजनाचंही तसंच आहे. पुढच्या एक्सलवर एकूण वजनाचा साधारण ४० टक्के भार नसेल तर फोर बाय फोरचे पैसे वाया जातात. पुढचं चाक नुसतं फिरतं, ओढत नाही. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरची मागची बाजू दाबते आणि पुढची उचलते, म्हणून पुढची वजनं काढून ठेवू नयेत.

आणि घाट. धारूरच्या घाटातून उसाच्या ट्रॉल्या उतरताना पाहिल्या की पोटात गोळा येतो. ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो, आणि ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागून कित्येक टन ढकलत असतात. अशा उतारावर फोर बाय फोर जोडला तर शाफ्टमधून मागच्या ब्रेकचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो. सपाट डांबरावर मी लिव्हर सोडून ठेवा म्हणेन, पण भरलेल्या ट्रॉलीसह उतार लागला तर जोडा, आणि सपाटी आली की पुन्हा सोडा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये कधीच नाही. डाव्या-उजव्या ब्रेकची दोन पेडल जोडणारी खिट्टी शेतात काढलेली असते. सडकेवर यायच्या आधी ती लावलेली आहे का, हे हात लावून बघा. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॉलीवर ऊसतोडीची माणसं, कधी लेकरं बसलेली असतात.

डिफरन्शियल लॉकबद्दल एवढंच, की तो रुतलेल्या चाकासाठी आहे. सरळ बाहेर निघा आणि पाय काढा. लॉक दाबून वळण घेतलं की क्राऊन-पिनियनचं आयुष्य कमी होतं.

स्वतःच्या ट्रॅक्टरचं लीड मोजायला मेकॅनिक लागत नाही. भुसभुशीत सपाट रानात जा, टायरमधली हवा सारखी करा, एका मागच्या आणि एका पुढच्या टायरवर खडूची खूण करा. फोर बाय फोर सोडून मागचं चाक बरोबर १० वेळा फिरेपर्यंत ट्रॅक्टर हळू चालवा आणि पुढचं किती वेळा फिरलं ते शेजारून चालणाऱ्याने मोजावं. मग लिव्हर जोडून पुन्हा १० फेरे. पहिल्यांदा १६ आणि दुसऱ्यांदा साडेसोळा आले तर लीड ३ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जोडी जुळलेली आहे. दोन्ही आकडे सारखेच आले किंवा दुसरा कमी आला तर पुढची टायर बदलायला झाली. फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर मागची तपासा. हंगामाला निघायच्या आधी ही मोजणी करा, आकडे दाराच्या आत लिहून ठेवा, आणि नवं टायर घ्यायला जाताना तेच आकडे दुकानात सोबत न्या.