हँडबिलावर नसलेली माणसं

सर्कशीचं जुनं हँडबिल हाती आलं की माझी नजर आधी तळाशी जाते. वर वाघ-सिंह, झुल्यावरच्या मुली, ‘रोज तीन खेळ’ अशी ठळक अक्षरं. गावाची आणि तारखेची जागा अनेकदा कोरी सोडलेली, म्हणजे एकाच छपाईत बरेच मुक्काम भागायचे. आणि अगदी खाली, बारीक टाइपात, छापखान्याचं नाव नि गाव. १८६७च्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव घालणं सक्तीचं केलं होतं. त्यामुळे हँडबिल छापणारा आजही सापडतो. तंबू उभारणारा, हत्तीला अंघोळ घालणारा, झुल्याचे दोर ताणून बघणारा मात्र सापडत नाही. त्यांची नावं छापायला कुणी भाग पाडलं नव्हतं.

आपल्या सर्कशीचा इतिहास मालकांच्या नावांनी सांगितला जातो, आणि ती माणसं मोठी होतीच. कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचं काम पाहणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत चिआरिनी या इटालियनाची सर्कस पाहिली आणि १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. हिंदी माणसाला हे जमायचं नाही, या चिआरिनीच्या बोलण्याला दिलेलं ते उत्तर होतं, असं सांगतात. मागोमाग म्हैसाळचे देवल, तासगावचे परशुराम माळी अशा सांगलीकडच्या माणसांचे तंबू देशभर फिरले. छत्रे ग्वाल्हेरच्या हद्दू खाँकडे गाणं शिकलेले. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनी सांभाळलं, आणि सर्कशीच्या मुक्कामांबरोबर ते गाणंही गावोगाव पोचलं. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण गाण्यातल्या लोकांनी ते लिहून ठेवलं. तबेल्यातल्या लोकांसाठी कुणी लिहिलं नाही.

छत्र्यांना कसरतपटू हवे होते. केरळातल्या थलश्शेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन कसरतीचे शिक्षक होते. दोघांची गाठ पडली आणि मलबारची मुलं सर्कशीत येऊ लागली. १९०१ साली कुन्हिकण्णन यांनी चिरक्करा इथे सर्कशीचं शिक्षण देणारी शाळाच काढली. याच थलश्शेरीचा एक दोरावरचा कलाकार १९३०च्या दशकात युरोप-अमेरिकेत गाजला. तिथल्या जाहिरातींत त्याचं नाव ‘कण्णन बॉम्बेयो’. केरळच्या मुलाच्या नावाला मुंबई चिकटली, कारण तिकडच्या प्रेक्षकाला मुंबई माहीत होती. पुण्याच्या दामू धोत्र्यांचंही तसंच. १९०२ सालचा जन्म, लहानपण मामाच्या सर्कशीत गेलेलं, आणि १९४०पासून अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ-बिबट्यांचे शिक्षक. तिथल्या छायाचित्रांत ते फेटा बांधलेले, उघड्या अंगाचे, पूर्वेकडचे गूढ पुरुष म्हणून दिसतात. मधल्या काळात ते अमेरिकी सैन्यातही होते. १९७३ साली पुण्यात वारले. अशा कलाकारांच्या रंगीत पोस्टरांना संग्राहक चांगली किंमत मोजतात. पण पोस्टरवरचा माणूस खरा की पोस्टरमागचा, हे विचारल्याशिवाय तो कागद नुसती शोभेची वस्तू राहतो.

अमेरिकेतल्या जुन्या सर्कशी हंगाम संपला की ‘रूट बुक’ छापायच्या. कुठल्या दिवशी कुठलं गाव, पाऊस पडला का, अपघात झाला का, आणि सोबत कामगारांची यादी. वादक, गाडीवान, स्वयंपाकी, तंबूवाले, सगळे नावानिशी. विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावी, जिथे रिंगलिंग बंधूंचा हिवाळी तळ होता, तिथे आज सर्कशीचं संग्रहालय आहे. रंगवलेल्या गाड्या बघायला लोक तिथे जातात. माझ्या लेखी मात्र त्या गाड्यांपेक्षा ही पुस्तकं मोलाची. आपल्या सर्कशींची अशी पुस्तकं माझ्या पाहण्यात नाहीत.

आपल्याकडे हाती लागतात ते फोटो. असा एक कंपनीचा फोटो मी बराच वेळ न्याहाळला आहे. मध्ये खुर्चीत मालक, कोटावर पदकं. शेजारी चकचकीत कपड्यांतल्या मुली, काहींच्या गुडघ्यांवर ठिगळ लावलेले मोजे. मागे अगदी कडेला एक माणूस हत्तीच्या कानाला धरून उभा. चौकटीत त्याचा अर्धाच चेहरा आला आहे. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का, बाकी काही नाही.

आणखी एक कागद आहे, जो कुणी चौकटीत लावत नाही. तो म्हणजे करार. नेपाळमधल्या आणि आपल्याकडच्या गरीब घरांतून मुली वर्षानुवर्षांच्या करारावर सर्कशीत आणल्या जात. सही किंवा अंगठा आईबापांचा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणली, ती याच वेदनेतून. वाघ, सिंह, अस्वलं, माकडं त्याआधीच सरकारी बंदीमुळे रिंगबाहेर गेली होती. दोन्ही निर्णय मला योग्यच वाटतात. पण प्राणी कुठे गेले याची नोंद झाली, तशी त्यांच्या पिंजऱ्याशेजारी हयात काढलेल्या माणसांची झाली नाही. २०२०च्या टाळेबंदीत रॅम्बो सर्कस ऐरोलीला अडकली. तेव्हा अख्खी वसाहत, बायका-पोरांसह, उत्पन्नाशिवाय मैदानावर राहिली.

सांगलीकडे आणि थलश्शेरीत जुन्या कलाकारांच्या घरी असे फोटो अजून असणार. ते मागून आणू नयेत. तिथेच ओसरीवर बसून एकेकाचं नाव, गाव, काम विचारावं आणि फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहावं. सुरुवात कडेच्या माणसापासून करावी, कारण त्याला ओळखणारे सगळ्यांत आधी संपतात.