वस्तीवरचे कुत्रे आणि त्याच्या गळ्यातील पट्टा



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खते आणि पाणी याविषयी बोलतो. या वेळचा विषय थोडा वेगळा असला तरी तो उसाच्या कडेचाच आहे. शेतात वस्ती करून राहणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि वस्ती म्हटली की कुत्रे आलेच. पण त्याच्या गळ्यात काय असते हे कधी नीट बघितलंय का? कुठे बैलाचे जुने दावे, कुठे नायलॉनची दोरी, कुठे जड साखळी, तर कुठे चक्क तार! आपण जमीन आणि हंगाम बघून उसाची जात निवडतो. पट्ट्याचेही तसेच आहे. काम बघून पट्टा निवडावा लागतो. चुकीच्या पट्ट्याने कुत्रे एक तर चावरे होते, नाहीतर बिबट्याच्या तोंडी जाते.

ऊस, बिबट्या आणि कुत्रे

आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. तेवढा काळ बिबट्याला आडोसा मिळतो, पाणी मिळते आणि वस्तीवर खाणेही मिळते. आपल्याच जिल्ह्यातील अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तेथील शेतीच्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे होते. बिबट्याच्या विष्ठेचीही त्यांनी तपासणी केली. त्याच्या एकूण खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के! शेळी-वासरापेक्षाही कुत्रे त्याच्या तोंडी जास्त लागते. आणि कुत्र्याच्या मागावर तो येतो कुठे? आपल्या अंगणात, जिथे आपली पोरे खेळतात.

शिकवणीसाठी साधा पट्टाच

पिलू दोन महिन्यांचे झाले की शिकवायला सुरुवात करावी. चामड्याचा किंवा जाड निवारीचा, सपाट आणि बक्कल असलेला पट्टा घ्यावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिलू झपाट्याने वाढते, म्हणून दर आठवड्याला बोटे घालून बघावे. तसे न केल्यास पट्टा मानेत रुततो, जखम होते आणि केसांमुळे ती लवकर दिसतही नाही.

पहिले दोन-तीन दिवस नुसता पट्टाच असू द्यावा. मग त्याला हलकी सुतळी बांधून ती मागे लोंबती ठेवावी. त्यानंतर नाव घेऊन "ये" म्हणावे. आले की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा आणि पाठीवरून हात फिरवावा. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे पुरेत. "ये", "बस", "थांब", "सोड" हे चार शब्द आले तरी वस्तीचे काम भागते. मात्र घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत. मालक म्हणतो "ये" आणि पोरे म्हणतात "इकडं", मग कुत्र्याने काय समजायचे? आणि एक पथ्य पाळा. बोलावल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नका. एकदा मार बसला की पुढच्या खेपेला ते येणार नाही.

निमुळत्या डोक्याच्या कारवान कुत्र्याच्या गळ्यातून साधा पट्टा निसटतो. त्याच्यासाठी थोडाच आवळणारा आणि मग थांबणारा पट्टा मिळतो. फार ओढणाऱ्या किंवा ओढताना खोकणाऱ्या कुत्र्याला छातीवरून जाणारा पट्टा घालावा, म्हणजे गळ्यावर ताण येत नाही.

फासाची साखळी नको

ओढली की आवळणारी साखळी आणि आत टोके असलेला पट्टा बाजारात सर्रास मिळतो. "एक झटका दिला की सुतासारखं सरळ होतं," असे दुकानदार सांगतो. पण होते काय? समजा, स्लिपबॉय वस्तीवर आला, कुत्रे भुंकले आणि आपण झटका दिला. आपण भुंकलो म्हणून दुखले, हे कुत्र्याला कळत नाही. हा माणूस आला की गळा दुखतो, एवढेच ते लक्षात ठेवते. पुढे तेच कुत्रे पाहुण्यावर, तोडणीवाल्यांच्या पोरांवर धावून जाते. शिवाय श्वासनळीला इजा होते ती वेगळीच. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर तर वेल्समध्ये २०१० पासूनच बंदी आहे.

काटे बाहेर, आत मऊ चामडे

बाहेर खिळे असलेला पट्टा मात्र निराळा. तो शिक्षेचा नव्हे, संरक्षणाचा आहे. बिबट्या भक्ष्याची मान धरतो आणि तिथेच त्याला खिळे टोचतात. ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे २ हजार वर्षांपूर्वी व्हॅरो या रोमन लेखकाने आपल्या शेतीवरील ग्रंथात मेंढरांच्या कुत्र्यांसाठी असाच पट्टा सांगितला आहे. जाड चामड्यात खिळे ठोकायचे आणि खिळ्यांच्या डोक्यांवर आतून मऊ चामडे शिवायचे, म्हणजे मानेला लोखंड लागत नाही. आपल्या गावच्या चर्मकार कारागिराकडूनही असा पट्टा करून घेता येईल. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसांचा बळी गेला. त्यानंतर तेथील माणसांनीच शेतात जाताना स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. वेळ कुठवर आली आहे, बघा!

तरीही खिळ्यांचा पट्टा म्हणजे हमी नव्हे. बिबट्या दुसरीकडूनही धरू शकतो. हा पट्टा रानात जाताना घालावा आणि लहान मुले किंवा वासरे जवळ असताना काढून ठेवावा.

रात्री बांधून ठेवू नका

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रात्री अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे ही राखण नसून बिबट्यासाठी ताटात वाढलेले जेवण आहे. त्याला ना पळता येते ना लपता. पट्टा कितीही चांगला असला तरी साखळी त्याला जागेवर धरून ठेवते. म्हणून दिवस मावळला की कुत्रे पक्क्या खोलीत किंवा वरूनही जाळी असलेल्या खुराड्यात घ्यावे. आतून भुंकले तरी आपल्याला जाग येतेच. दिवसा बांधायचे झाल्यास सावली आणि पाणी जवळ हवे, साखळी हलकी व लांब हवी आणि तिला फिरती कडी हवी, म्हणजे पीळ पडत नाही. आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहावा. पिलू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी टोचावी. कुत्रे कोणालाही चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन सुरू करावे. बिबट्या दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

तेव्हा सभासदांनो, आज संध्याकाळी कुत्र्याला भाकरी टाकाल तेव्हा त्याच्या गळ्यात दोन बोटे घालून बघा. तार किंवा फास असेल तर लगेच काढा, आणि दिवस मावळायच्या आत त्याला आत घ्या.

— ऊस विकास अधिकारी