फळीवरील मावळ

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली आगगाडी घाटमाथा सोडून मावळात शिरली, की दोन्ही बाजूंस भाताची खाचरे दिसू लागतात. त्यांच्या मागे लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे असतात. हा देखावा घरी एका फळीवर उभारून त्यातून चिमुकली आगगाडी फिरविता येते. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय 1998 साली खुले झाले. ते पाहिले म्हणजे हा केवळ बाळखेळ नव्हे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

मावळातून जाणारा लोहमार्ग रुंदमापी आहे. त्याच्या दोन रुळांमध्ये 1676 मिलिमीटर अंतर असते. अशा मार्गाची वळणे फार मोठी असतात व ती लहानशा फळीवर मावत नाहीत. अरुंदमापी गाडी मात्र थोडक्या जागेत वळते. अशी गाडी मावळात नाही. ती पाहावयाची तर बोरघाट उतरून, कर्जत व भिवपुरी रोड ही स्थानके मागे टाकून नेरळला गेले पाहिजे. तेथून माथेरानला चढणारा लोहमार्ग आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या परिश्रमाने 1907 साली सुरू झाला. त्याच्या रुळांतील अंतर अवघे 610 मिलिमीटर आहे. हीच गाडी आपण कल्पनेने मावळात आणावयाची. गाडी कल्पनेतील असल्यामुळेच शेत मात्र अगदी खरे असले पाहिजे. नाही तर पाहणाऱ्याचा विश्वास कशावर बसावा?

प्रथम प्रमाण ठरवावे. खेळातील आगगाडीचे 9 मिलिमीटर रुंदीचे रूळ सहज मिळतात. 610 ला 9 ने भागिले तर सुमारे 68 येतात. म्हणजे फळीवरील प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या अडुसष्टाव्या हिश्श्याएवढी असावी. साडेपाच फूट उंचीचा शेतकरी येथे जेमतेम अडीच सेंटीमीटरांचा होईल आणि बैलाचा खांदा दोन सेंटीमीटरांच्याही खाली राहील. गुंठा म्हणजे 33 फूट लांब व तितकाच रुंद असा जमिनीचा तुकडा. तो येथे सुमारे 15 सेंटीमीटरांचा चौरस होतो. तेव्हा 120 सेंटीमीटर लांब व 60 सेंटीमीटर रुंद अशा फळीवर एकूण 32 गुंठेच बसतात. पुरता एक एकरही नाही! त्यातच डोंगर, घर आणि लोहमार्ग. म्हणून चार-पाच खाचरांवरच समाधान मानावे.

दिवाळीत किल्ला करताना आपण त्यावर आळीव किंवा मोहरी पेरतो. ती युक्ती येथे चालणार नाही. चार सेंटीमीटर वाढलेला कोंब या प्रमाणात पावणेतीन मीटर उंच ठरेल आणि शेतकरी बिचारा त्या रानात हरवून जाईल.

मग ऋतू ठरवावा. आवणीचे दिवस मोठे रमणीय असतात खरे. परंतु पावसाळ्यात नेरळहून घाट चढणारी गाडी बंद ठेवतात. यासाठी कापणीनंतरचा काळ निवडावा. भात कापून झाले आहे, पेंढ्यांची उडवी रचली आहे, खळ्यावर झोडणी चालू आहे, असा देखावा करावा. तागाचे धागे दीड-दोन मिलिमीटर कापून उभे चिकटविले की कापलेल्या भाताची धसकटे तयार होतात. माती मात्र रंगवू नये. खऱ्या खाचरातील मूठभर माती वस्त्रगाळ करून तीच गोंदावर भुरभुरावी.

सर्वांत अधिक लक्ष पाण्याकडे द्यावे. लोणावळ्याच्या बाजूस पाऊस फार. तेथील उतारावर खाचरे पायऱ्यांसारखी असतात आणि वरच्या खाचरातील पाणी बांधावरून खालच्यात उतरते. बांध पट्टीने आखल्यासारखे सरळ नसतात. ते डोंगराच्या अंगाने वळत जातात. अशा खाचरांमधून लोहमार्गाचा भराव आडवा घातला की पाण्याची वाट अडते. वर पाणी तुंबून पीक कुजावे आणि खाली रोप सुकावे, असा तो प्रकार होईल. म्हणून भरावाखाली मोरी ठेवलीच पाहिजे. फळीवर पाणी वाहत नाही, हे खरे. पण मोरी नसलेले शेत जाणत्या शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. एका खेड्यातील आजोबांनी माझी फळी पाहून पहिला प्रश्न केला तो हाच: "अहो, वरचं पाणी जायचं कुठून?" त्या दिवशी मी भराव फोडला.

घराचे छप्पर पावसासाठी चांगले उतरते ठेवावे. बाकी मोजमाप प्रत्यक्ष शेतावर जाऊनच घ्यावे, आणि ते लवकर घ्यावे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग 2002 साली पुरा झाला. त्याखाली आणि बंगल्यांखाली मावळातील कितीतरी खाचरे गेली आहेत.

गाडी सर्वांच्या शेवटी रुळावर ठेवावी. खळ्यावरील माणसे तिच्याकडे पाहत उभी करू नयेत. रोजच्या गाडीकडे झोडणीच्या दिवसांत कोण पाहणार? एखादे पोर मात्र बांधावर हात उंचावून उभे असावे. त्याला दीड सेंटीमीटर उंची पुरे.