मावळतीचा सूर्य अंबाबाईच्या भेटीला कधी येतो?

9 नोव्हेंबरची संध्याकाळ. साडेपाच वाजून गेलेत. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात गर्दी झाली आहे आणि सगळ्यांचा एकच प्रश्न आहे, ‘आज किरणं आत येणार का?’

बहुतेक देवळांतल्या मूर्ती पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून असतात. अंबाबाईचं तोंड मात्र पश्चिमेला आहे, थेट मावळतीकडे. त्यामुळे वर्षातल्या काही ठरावीक संध्याकाळी सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, कासव चौकात येतात, मग पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा, आणि शेवटी गाभारा! आधी देवीचे पाय उजळतात. मग उजेड हळूहळू वर चढतो, गुडघे, कंबर... आणि आभाळ स्वच्छ असेल तर थेट चेहऱ्यापर्यंत. हाच तो किरणोत्सव.

उजेड खालून वर का चढतो, सांगा बरं? सूर्य उंचावर असतो तेव्हा दारातून येणारी किरणं तिरपी खाली उतरतात आणि दाराजवळच्या फरशीवर पडतात. सूर्य जसजसा खाली जातो, तसतशी किरणं आडवी होत जातात. म्हणून ती आणखी आत पोहोचतात, आणखी वर पोहोचतात. सूर्य उतरतो आणि उजेड चढतो!

आता खरी गंमत. किरणोत्सवाचे दिवस कोणते? 9, 10 आणि 11 नोव्हेंबर. आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. हेच दिवस का? मधल्या डिसेंबरात किरणं कुठे जातात?

सूर्य जागा बदलतो

शाळेत आपण शिकतो की सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. पण अगदी बरोबर पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास. बाकीचे दिवस तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे ना, त्याचा हा परिणाम.

सप्टेंबरनंतर सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकून मावळतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो महाद्वाराच्या नेमक्या रेषेत येतो आणि किरणं गाभाऱ्यात शिरतात. तिथून तो आणखी दक्षिणेला जातो. 22 डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेचं टोक गाठतो आणि परत फिरतो. परतीच्या वाटेवर जानेवारीच्या शेवटी पुन्हा त्याच रेषेत येतो!

कॅलेंडर काढून मोजून बघा. 10 नोव्हेंबर ते 22 डिसेंबर किती दिवस? 42. आणि 22 डिसेंबर ते 2 फेब्रुवारी? तेही 42! जाताना सहा आठवडे, येताना सहा आठवडे. आहे की नाही नेमका हिशोब?

मग कोल्हापुरात सूर्य बघायचा कुठून?

पहिली जागा रंकाळा. सूर्यास्त बघायला पूर्वेच्या काठावर, चौपाटीच्या बाजूला उभं राहायचं. समोर भलंमोठं पाणी आणि पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस. सूर्य खाली आला की दिवसभर ठळक दिसणारा तो राजवाडा काळी आकृती होऊन जातो आणि पाण्यावर केशरी पट्टा उमटतो. तुम्ही काठाने चालू लागलात, तर पट्टाही तुमच्याबरोबर चालू लागतो. कारण पाण्यावरून परावर्तित होऊन तुमच्याच डोळ्यांत शिरणारा उजेड तुम्हाला दिसत असतो. शेजारच्या मित्राचा पट्टा वेगळा!

हा उजेड केशरी का? सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. हवेचे कण त्यातला निळा रंग जास्त विखुरतात. दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा प्रकाशाला हवेचा थोडाच थर ओलांडावा लागतो. क्षितिजावर टेकलेल्या सूर्याच्या प्रकाशाला मात्र त्याच्या सुमारे 38 पट हवा ओलांडून यावं लागतं. तेवढ्या प्रवासात निळा रंग वाटेतच विखरून जातो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो तांबूस, केशरी.

दुसरी जागा पंचगंगेचा घाट. इथे कार्तिक पौर्णिमेला भल्या पहाटे या. घाटभर पणत्या लागलेल्या असतात. पण नजर जरा वर करून नदीच्या पलीकडे बघा. तिकडे पौर्णिमेचा चंद्र मावळत असतो आणि थोड्याच वेळात आपल्या पाठीमागे, शहराच्या बाजूने, सूर्य उगवतो. पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य आकाशात समोरासमोर असतात, म्हणून एक मावळतो तेव्हाच दुसरा उगवतो.

तिसरी जागा टेंबलाईची टेकडी, शहराच्या पूर्वेला. सूर्योदयासाठी सोयीची, कारण सूर्य आणि आपल्यामध्ये गजबजलेलं शहर येत नाही.

आणि चौथी जागा पन्हाळगड, शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर. सकाळी सज्जा कोठीपाशी उभं राहा, खाली खोल दरी आणि समोर उगवता सूर्य. हीच ती कोठी, जिथे संभाजीराजांना काही काळ ठेवलं होतं. संध्याकाळी गडाच्या पश्चिम टोकाला पुसाटी बुरुजावर जा. क्षितिजाजवळचा सूर्य थोडा चपटा दिसतो का, ते नीट बघा. हवा प्रकाशाला वाकवते आणि सूर्याच्या खालच्या कडेचा प्रकाश वरच्या कडेपेक्षा जास्त वाकतो, म्हणून तो दबल्यासारखा दिसतो. या वाकण्याची आणखी एक करामत आहे. सपाट क्षितिजावर नुकताच टेकलेला सूर्य आपण बघतो, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो!

आता तुमची पाळी

कोल्हापूर लांब असेल तरी हरकत नाही. गच्चीवर किंवा अंगणात एक जागा ठरवा. दर रविवारी तिथेच उभं राहून सूर्य कुठे मावळतो ते वहीत काढा, ‘टाकीच्या डावीकडे’, ‘नारळाच्या मागे’, असं. हात सरळ लांब करून मूठ धरा. ती मूठ आकाशात साधारण 10 अंश जागा व्यापते. महाराष्ट्रात जून ते डिसेंबर सूर्य सुमारे 50 अंश, म्हणजे पाच मुठी सरकतो. तुमच्याकडे किती मुठी भरतात?

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. सूर्य झगझगीत असताना त्याच्याकडे बघायचं नाही आणि दुर्बिणीतून तर कधीच नाही, डोळे कायमचे बिघडू शकतात. बुरुजावर, कड्यावर मोठ्या माणसांशिवाय जायचं नाही.

कधी कधी ढग येतात, हवेत धूळ असते किंवा किरणांच्या वाटेत एखादी उंच इमारत येते, आणि देवीच्या चेहऱ्यापर्यंत उजेड पोहोचत नाही. ढगांचं आपण काही करू शकत नाही. पण ही वाट मोकळी ठेवणं आणि हवा स्वच्छ ठेवणं माणसांच्याच हातात आहे. तुम्ही मोठे होऊन घरं बांधाल, शहरं आखाल, तेव्हा सूर्य कुठून येतो आणि कुठे जातो, हे आधी बघा. त्याची सवय लागावी म्हणून येत्या रविवारी वही घेऊन गच्चीवर जा आणि पहिली नोंद कराच!