तेलाच्या जहाजावरची प्रयोगशाळा

गेल्या व्याख्यानात आपण हवेतला कार्बन डायऑक्साइड कसा मोजतात ते पाहिलं. हवाई बेटांवर मौना लोआच्या डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली सुरू केलेल्या नोंदी आणि दरवर्षी वर सरकणारा तो आलेख. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, हे सगळं तेल कंपन्यांना ठाऊक नव्हतं का? तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू. ठाऊक होतं. निदान एका कंपनीने तर स्वतः जहाजावर यंत्रं बसवून ते मोजलं होतं.

ही कंपनी म्हणजे अमेरिकेतली एक्सॉन. तुमच्यातल्या ज्येष्ठ मंडळींना 'एस्सो' हे नाव आठवत असेल. मुंबईत माहूलला तिची रिफायनरी होती, ती १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आली. एस्सो आणि एक्सॉन एकाच घरातले.

जुलै १९७७ मध्ये या कंपनीतले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ, जेम्स ब्लॅक, वरिष्ठ संचालकांसमोर बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं ते असं: माणसाच्या हातून हवामान बदलण्याची सर्वांत जास्त शक्यता कोळसा, तेल, वायू जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे आहे, आणि यावर शास्त्रज्ञांचं साधारण एकमत आहे. हवेतलं प्रमाण दुप्पट झालं तर पृथ्वीचं सरासरी तापमान २ ते ३ अंशांनी वाढेल, ध्रुवांजवळ त्याहून कितीतरी जास्त. पुढच्या वर्षी त्यांनी लेखी दिलं की ऊर्जेबाबतचे कठीण निर्णय घ्यायला पाच ते दहा वर्षं हातात आहेत. लक्षात घ्या, हा माणूस कुणी चळवळीतला नव्हता. कंपनीच्या पगारावरचा होता.

आता इथे एक शास्त्रीय अडचण होती. आपण जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला साधारण निम्माच हवेत राहतो. उरलेला जातो कुठे? काही झाडं आणि माती घेतात, काही समुद्र घेतो. समुद्र किती घेतो, हा तेव्हा मोठा प्रश्न होता. कंपनीच्या दृष्टीने तर तो पैशाचाच प्रश्न होता म्हणा ना. समुद्राने भरपूर गिळला तर संकट लांबेल, तेल विकायला सवड मिळेल. कमी गिळला तर नाही.

समुद्र वायू कसा घेतो हे समजायला सोड्याची बाटली आठवा. गार बाटली उघडली तर वायू हळूहळू निघतो, उन्हात तापलेली उघडली तर फसकन बाहेर येतो. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. समुद्राचंही तसंच. शिवाय पाण्यातल्या वायूचा दाब हवेतल्या वायूच्या दाबापेक्षा कमी असेल तर समुद्र वायू ओढून घेतो, जास्त असेल तर बाहेर सोडतो. विषुववृत्ताच्या पट्ट्यात खालचं पाणी वर येतं तिथे बऱ्याचदा तो बाहेरच पडतो. म्हणजे एका ठिकाणी मोजून भागत नाही. निरनिराळ्या समुद्रांत, निरनिराळ्या ऋतूंत, पुन्हापुन्हा मोजावं लागतं. संशोधन-नौका एवढी फिरवायची तर खर्च अफाट.

आणि तेल कंपनीकडे काय असतं? जहाजं! १९७९ मध्ये एक्सॉनने 'एस्सो अटलांटिक' या आपल्या टँकरवर यंत्रं बसवली. पाच लाख टनांहून जास्त क्षमतेचं हे जहाज मेक्सिकोचं आखात आणि इराणचं आखात यांच्यामध्ये ये-जा करायचं, म्हणजे अटलांटिक आणि हिंदी महासागर दोन्ही आयते वाटेवर. जहाज चालत असताना समुद्राचं पाणी आत घ्यायचं, त्याच्याशी हवेचा समतोल होऊ द्यायचा, मग त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा आणि बाहेरच्या हवेतल्या आकड्याशी ताडून पाहायचा. कंपनीत हेन्री शॉ हे काम बघत होते, सोबत कोलंबिया विद्यापीठाच्या वेधशाळेतले समुद्रशास्त्रज्ञ तारो ताकाहाशी. तीन वर्षांत दहा लाख डॉलरहून जास्त खर्च झाला. आमच्या मते हे अस्सल विज्ञान होतं, आणि त्याची कल्पना कुणालाही हेवा वाटावा इतकी सुरेख होती.

१९८२ मध्ये हा प्रकल्प बंद झाला. तेलाचे भाव उतरत होते, खर्चाला कात्री लागत होती. पण कंपनीतलं काम थांबलं नाही, ते संगणकावरच्या प्रतिमानांकडे वळलं. तिच्या शास्त्रज्ञांनी शोधनिबंधही प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्यवस्थापनासाठी एक अहवाल तयार झाला. त्यातल्या आलेखात २०१९ च्या आसपास हवेतलं प्रमाण सुमारे ४१५ पीपीएम दाखवलं होतं. २०१९ च्या मे महिन्यात मौना लोआला जवळजवळ तेवढंच नोंदलं गेलं. अहवाल बाहेर वाटू नये, अशी सूचना त्यावर होती.

या ज्ञानाचा वापर कंपनी आपल्या धंद्यातही करत होती, बरं का. इंडोनेशियाजवळच्या नातुना वायुक्षेत्रात निघणाऱ्या वायूत सुमारे ७० टक्के कार्बन डायऑक्साइड होता. तो सोडून दिला तर एका जागेवरून होणारं जगातलं ते सर्वांत मोठं उत्सर्जन ठरेल, हा हिशेब तिच्याच लोकांनी केला.

मग १९८९ मध्ये ग्लोबल क्लायमेट कोअलिशन हा उद्योगांचा गट उभा राहिला. त्याने उत्सर्जनावरच्या बंधनांना विरोध केला, आणि एक्सॉन त्यात होती. १९९७ मध्ये क्योटो कराराच्या तोंडावर कंपनीचे अध्यक्ष ली रेमंड यांनी बीजिंगच्या तेल परिषदेत सांगितलं की पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा थंड आहे. याच कंपनीचे शास्त्रज्ञ वीस वर्षांपूर्वी काय सांगत होते ते आपण आत्ताच ऐकलं.

जुनी कागदपत्रं २०१५ मध्ये पत्रकारांनी उजेडात आणली. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जेफ्री सुप्रान, श्टेफान राम्स्टोर्फ आणि नेओमी ऑरेस्केस यांनी कंपनीची १९७७ ते २००३ मधली भाकितं प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिली. ६३ ते ८३ टक्के भाकितं बरोबर निघाली. सरासरी अंदाज होता दशकाला ०.२ अंश. विद्यापीठांची आणि सरकारी संस्थांची प्रतिमानं जेवढी नेमकी होती, तेवढीच ही. हिमयुग येतंय ही कल्पनाही त्यांनी योग्यच बाजूला सारली होती.

कंपनीचं म्हणणं वेगळं आहे. निवडक कागद काढून हा आरोप केला जातो, आमचं संशोधन उघडपणे छापलेलं होतं, असं ती सांगते. यातला छापल्याचा भाग खरा आहे. पण शोधनिबंध किती जण वाचतात, आणि अध्यक्षांचं भाषण किती जण ऐकतात?

कोर्टात काय झालं, अशी एक चिठ्ठी आत्ता आली आहे. न्यूयॉर्क राज्याने गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याचा खटला भरला होता, तो डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने जिंकला. त्यात प्रश्न हवामानाचा नव्हताच, भागधारकांना चुकीचा हिशेब दाखवला का एवढाच होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच वर्षी वेगळा खटला दाखल केला, त्यात ग्राहकांना दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचाही मुद्दा आहे.