नॉन-रिॲक्टिव्ह

खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारची गर्दी आहे. सिंहगडावरून उतरलेल्या दुचाक्या कडेला वेड्यावाकड्या लागल्यात, भज्यांचे घाणे निघतायत, वारा धरणाच्या पाण्यावरून थेट अंगावर येतोय. माझ्या शेजारी बसलेला मुलगा मात्र स्वतःची मान चाचपतोय. कानामागे, जबड्याखाली, पुन्हा कानामागे.

"दादा, ही गाठ बघ ना."

गाठ नाहीच. चाचपून चाचपून कातडी लाल झालीय.

कणीसवाल्या मावशी लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून कणसावर घासतात. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे. याची नजर तिथेच अडकते. कणीस घेतो, तोंडाशी नेत नाही, हळूच बाजूला ठेवून देतो. खाण्यातून एचआयव्ही होत नाही, हे त्याला माझ्याइतकंच पक्कं माहीत आहे.

सॅकमधून रिपोर्टांची पिशवी निघते. प्रत्येकावर तोच शब्द, 'नॉन-रिॲक्टिव्ह'. घड्यांवर कागद फाटायला आलाय. गेल्या वर्षी एकदाच संबंध आला, नंतर कधीच नाही. तीन महिन्यांचा विंडो पिरियड केव्हाच उलटलाय. आयसीटीसी या सरकारी चाचणी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनीही आता चाचणी नको म्हणून सांगितलंय.

"पण नमुनेच बदलले असतील तर?"

मला हे हसण्यावारी नेता येत नाही. 1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांच्या पथकाला देशातले पहिले एचआयव्हीबाधित आढळले. आज एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या नियमित घेऊन विषाणू पूर्ण दबलेला राहिला, तर जोडीदारालाही संबंधातून लागण होत नाही. एवढं सगळं बदललं, पण आजाराला चिकटलेली लाज सुटली नाही. याला रोगापेक्षा आईला काय वाटेल याचीच धास्ती जास्त आहे.

मला तर हा मंत्रचळाचाच प्रकार वाटतो. रिपोर्ट हातात पडला की दोन दिवस बरे जातात, मग शंका उठते, तिला पुढची चाचणी लागते. माझं "काही नाही रे तुला" हेही तिलाच खतपाणी घालतं. त्यावर गोळ्या आहेत, वर्तनोपचार आहेत. खात्री करून घेण्याची ओढ उठली तरी चाचणी न करता थांबायला तिथे शिकवतात. सोपं नाही ते.

"सांग ना दादा, मला नाही ना?"

"आता याचं उत्तर मी देणार नाही. उद्या ससूनला जाऊ. मनोविकार विभागात."

"म्हणजे मी वेडा?"

"नाही रे. झोप नाही, जेवण नाही, किती दिवस असा राहणार आहेस?"

आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 आहे, तेही सांगतो. नंबर तो सेव्ह करतो. त्याच फोनमध्ये मंगळवारची लॅबची अपॉइंटमेंट दिसते. ती काही रद्द करत नाही.

"ससूनला रक्त घेतात का?"

"त्यांना तुझं ऐकायचं असतं."

"मग सकाळी लवकर निघू," तो म्हणतो. "घरी मी ऑफिसला जातो म्हणून सांगेन."